जिनिंगच्या जनरेटरचं हेड गॅसकिट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) परत परत जातंय, नेमकं बघायचं काय?

कापूसगाडी_चोपडा

नमस्कार मंडळी. चोपड्याजवळ आमची जिनिंग आहे, लाईट गेली की सगळा भार ३२० केव्हीएच्या जनरेटरवर. इंजिन ६ सिलिंडर एका रांगेत, टर्बो, १४ लिटरच्या आसपास, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १४० मिमी, दोन सिलिंडरला एक असे तीन हेड. तर त्यातलं मधल्या हेडचं पॅकिंग टिकतच नाही. थंड इंजिन सुरू केलं की थोड्याच वेळात रेडिएटरचा वरचा होजपाईप कडक होतो, पाणी अजून कोमट पण झालेलं नसतं, आणि लोड टाकला की ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी बाहेर फेकतं. ऑइल मात्र साफ आहे, दुधाळ वगैरे काही नाही. नवीन ओरिजिनल गॅसकिट टाकलं की काही दिवस मस्त चालतं आणि ऐन सीझनमध्ये कापसाच्या गाड्या दारात उभ्या असताना परत तेच. मधलं हेड फेस मारून (मशीनवर सपाट करून) पण आणलंय. आता मेकॅनिक म्हणतो तांब्याचं गॅसकिट कापून घेऊ आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावू. करायचं का? आणि अजून एक, ब्लॉकच्या बाजूला बारीक छिद्र आहे त्यातून अधूनमधून पाण्याचा थेंब येतो, मेकॅनिक म्हणे ते तसंच असतं, वेल्डिंगने बंद करून टाकू.

भुसावळ_शेड

छिद्र बंद करू नका!! आधी हे ऐका मग बाकीचं. बऱ्याच मोठ्या इंजिनात लायनरच्या (सिलिंडरची आतली नळी, त्यातच पिस्टन फिरतो) खालच्या ओ-रिंगांच्या (रबरी कड्या) मधोमध मुद्दाम छिद्र ठेवलेलं असतं. वरच्या रिंगने पाणी सोडलं किंवा खालच्या रिंगने ऑइल सोडलं की ते त्या छिद्रातून बाहेर दिसतं, एकमेकांत मिसळत नाही. पाणी येतंय म्हणजे पाण्याच्या बाजूची रिंग गेली, ऑइल आलं असतं तर खालची. छिद्र बुजवलं की तेच पाणी पुढची रिंग ओलांडून चेंबरमध्ये (खालच्या ऑइलच्या टाकीत) उतरणार, मग मेन बेअरिंगपासून सगळंच काढावं लागेल. ज्याने डिझाइन केलं त्याने तुमच्यासाठी फुकटचा इंडिकेटर ठेवलाय भाऊ.

होज थंडपणीच कडक होतो याचा अर्थ पाणी गरम होऊन दाब वाढलेला नाही, जळलेला गॅस पाण्यात शिरतोय. खात्री करायची तर रेडिएटरचं झाकण काढून (थंड असतानाच, गरम असताना हात पण लावू नका) पाणी काठोकाठ भरा, इंजिन चालू करा, सलग बुडबुडे आले तर ठरलं. गॅस ओळखायचं निळं लिक्विड मिळतं, पाण्यात कम्बशनचा गॅस असेल तर ते रंग बदलून हिरवट किंवा पिवळं पडतं.

टॉर्कपाना

जुनं गॅसकिट फेकलं का ठेवलंय? फेकलं नसेल तर फोटो टाका. ९० टक्के उत्तर जुन्या पॅकिंगवरच छापलेलं असतं आणि लोक तेच आधी भंगारात टाकतात. दोन बोअरच्या मधला पूल जळालाय का एका बाजूला काळी वाट पडलीय, फायर रिंग (बोअरभोवतीची, आग अडवणारी धातूची कड) सगळीकडे सारखी दाबलीय का अर्धी चमकतेय आणि अर्धी कोरी आहे, पाण्याच्या भोकाभोवतीचं रबर फुगलंय का कडक होऊन तडकलंय, हे बघून कळतं की दाब कुठे कमी पडला.

कारण गॅसकिट स्वतः काही धरत नाही, धरतात बोल्ट. तुमच्या १४० मिमी बोअरचं क्षेत्रफळ येतं १५४ चौरस सेमी, आत पीक प्रेशर १३० बार धरा, म्हणजे एका सिलिंडरवर हेडला वर उचलायला २० टनाचा धक्का. १५०० आरपीएमला फोर स्ट्रोक इंजिनात एक सिलिंडर मिनिटाला ७५० वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला साडेबारा वेळा हे २० टन येतात आणि जातात. दर वेळी हेड काही मायक्रॉन वर होतं आणि परत बसतं. गॅसकिटला त्या काही मायक्रॉनच्या मागे मागे फुगून परत दबता आलं पाहिजे, तेवढंच त्याचं काम, पण बोल्टचा ताण कमी असेल किंवा खालचा भाग समपातळीत नसेल तर ते काम जगातलं कोणतंच गॅसकिट करू शकत नाही, मग ते ओरिजिनल असू दे नाहीतर सोन्याचं.

म्हणून विचारतो, हेड काढल्यावर लायनर किती वर आहे ते कोणी मोजलं का? डायल गेजने? हेड फेस मारलं हे ठीक पण ते अर्धंच काम झालं.

वस्ताद_पाचोरा

एवढं काय शास्त्र सांगता राव. आम्ही वर्षानुवर्षं तांब्याची पॅकिंग टाकून इंजिनं चालवली, लाल करून पाण्यात बुडवायची म्हणजे नरम पडते, वरून सिलिकॉनचा हात मारायचा, विहिरीवरचे लिस्टर टाईप इंजिन अजून चालू आहेत. ओरिजिनल गॅसकिटच्या किमतीत दोन पोती खत येईल.

टॉर्कपाना

वस्ताद, विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनाला तांबं चालतं, नाही म्हणत नाही. तिथे प्रेशर कमी, टर्बो नाही, हेड छोटं. इथे अडचण दोन. एक, तांबं नरम करून बसवलं तरी प्रत्येक धक्क्याला दबत दबत ते कडक होतं, आणि कडक झालं की परत फुगत नाही, मग बोल्ट ढिला पडल्यासारखा होतो. दुसरं, त्याच पत्र्याला आगीजवळ जेवढा दाब पाहिजे तेवढा पाण्याच्या आणि ऑइलच्या भोकाला मिळत नाही, म्हणून तर त्या भोकांना वेगळी रबराची कड असते. सपाट पत्र्यात ती सोय कुठून आणणार? आणि सिलिकॉन तर हेडवर नकोच नको, जास्तीचं आत पिळून निघतं आणि तुकडे तुटून ऑइलच्या बारीक गॅलरीत नाहीतर सक्शनच्या जाळीत जाऊन बसतात. टॅपेट कव्हर, साईड कव्हर, चेंबर, तिथे पातळ लावा की, कोण नाही म्हणतंय.

पुणेकर_झालेला_अमळनेरकर

उशिरा आलो चर्चेत. मी गॅसकिटच्या डिझाइनमध्ये काम करतो (कंपनीचं नाव नको), त्यामुळे टॉर्कपाना यांच्या मुद्द्याला थोडी जोड.

आमच्याकडे हेड गॅसकिट करताना सगळी ओढाताण एकाच गोष्टीची असते, बोल्टचा एकूण ताण ठरलेला आहे, तो वाटायचा कसा. आगीच्या कडेला सगळ्यात जास्त हवा, तिथे पत्र्यांच्या थरांत एक जाड स्टॉपर ठेवतात म्हणजे तिथला भाग आधी दाबला जातो. पण तिथे जास्त दिला की पाण्याच्या भोकांचा वाटा कमी होतो आणि पाणी पाझरतं. बरं मग सगळीकडेच दाब वाढवू म्हणून बोल्ट जास्त कसले तर लायनर वरच्या तोंडाशी किंचित वेडावाकडा होतो, रिंग नीट बसत नाही, इंजिन ऑइल प्यायला लागतं. म्हणून मग ड्रॉइंगवरचं डिझाइन झालं की दाबाने लाल होणारी फिल्म हेडखाली ठेवून बोल्ट कसतात, परत उघडतात आणि लाल रंग कुठे गडद कुठे फिका ते बघतात. कॉम्प्युटरने कितीही सांगितलं तरी त्या फिल्मवर जे उमटतं ते आम्ही शेवटचं मानतो.

आता सध्याच्या इंजिनात बहुतेक स्प्रिंगच्या स्टीलचे थर असतात, त्यात उमटवलेल्या वळ्या असतात आणि वर रबराचा पातळ लेप. हे टिकतं जबरदस्त पण त्याला पृष्ठभाग फार गुळगुळीत लागतो. जुन्या फायबरच्या गॅसकिटला थोडे ओरखडे चालायचे, ते स्वतः दबून त्यात भरायचं. स्टीलचं भरत नाही. म्हणून कुठल्या तरी शॉपमधून हेड फेस मारून आणलं एवढं सांगून भागत नाही, कसं मारलं, टूलच्या रेघा नखाला लागतात का, ते बघा. तुमच्या इंजिनाला कुठलं गॅसकिट आहे त्यावर हे ठरेल.

अजून एक, फेस मारला की हेडची उंची कमी होते, मग व्हॉल्व्ह किती खोल बसलाय आणि इंजेक्टरचं टोक किती बाहेर आलंय ते परत मोजायला लागतं. किती वेळा मारायचं याची हद्द मॅन्युअलमध्ये असते.

धुळे_टर्नर

भो, गॅसकिटना दोष नई शे, सीटना शे असं मला वाटतं. १४० बोअरच्या या इंजिनात लायनरची कॉलर (वरच्या तोंडाची बाहेर आलेली कड) ब्लॉकमधल्या ज्या पायरीवर बसते ती पायरी झिजते. लायनर सतत हलतो तिथे, बारीक लाल पावडर पडलेली दिसते, गंजल्यासारखी. पायरी खाली गेली की लायनर खाली गेला, लायनर खाली गेला की हेड त्याला दाबणार कसं? तुम्ही वरून हेड कितीही सपाट करा. आमच्याकडे येणाऱ्या ब्लॉकांत हे नेहमीचं आहे.

मोजायची पद्धत, लायनर ओ-रिंग न लावता टाकायचा, वरून क्लॅम्पने दाबून धरायचा (नुसता हाताने ठेवून मोजलं तर खोटं येतं), डायल गेज ब्लॉकवर शून्य करून कॉलरवर चार ठिकाणी बघायचं. या प्रकारच्या इंजिनाला ०.०८ ते ०.१५ मिमी वर पाहिजे, आणि एकाच हेडखालच्या दोन लायनरमध्ये फरक अगदी थोडा चालतो. आकडा तुमच्या मॅन्युअलमधला घ्या, माझा नको.

कापूसगाडी_चोपडा

सगळ्यांचे आभार. छिद्र तसंच ठेवलंय. मॅन्युअल मिळालं, त्यात ०.०८ ते ०.१५ च आहे. आज हेड उतरवून मोजलं, डायल गेज जळगावहून भाड्याने आणलं. ३ नंबर लायनर चारही बाजूंनी ०.१० ते ०.११. ४ नंबर मात्र एका बाजूला ०.०५ आणि मॅनिफोल्डच्या बाजूला ०.०२. लायनर काढला तर पायरीवर धुळेवाले म्हणतात तशी लाल पावडर. गॅसकिट पण त्याच बाजूला जळालंय, ३ आणि ४ च्या मधल्या पुलाजवळून काळी रेघ थेट पाण्याच्या भोकापर्यंत.

हे झिजलं कशाने पण? ३ नंबरचं का नाही झिजलं?

धुळे_टर्नर

सापडलं मग 🙂

एकच झिजायला कारण बरीच. कधी मागच्या ओव्हरहॉलला पायरीवर कार्बनचा खडा राहतो, वर लायनर बसतो, काही दिवसांनी खडा चुरला की लायनर ढिला. कधी त्या हेडचे बोल्ट कमी कसलेले असतात. आणि एकदा लायनर हलायला लागला की तो स्वतःच पायरी घासत जातो, तिथून पुढे थांबत नाही.

आता पायरी पुन्हा कापायला लागेल, पोर्टेबल टूल ब्लॉकवर बसवून जागेवरच होतं, ब्लॉक उतरवून धुळ्याला आणायची गरज नाही. कमीत कमी कापायचं, जेवढ्यात सगळीकडे पांढरा धातू लागेल तेवढंच, आणि कापल्यानंतर खाली गेलेली उंची कॉलरखाली शिम (पातळ पत्र्याची रिंग) टाकून भरून काढायची. पायरी एकदम काटकोनात पाहिजे, आतल्या बाजूला जरा जरी उतार राहिला तर कॉलरवर वाकडा ताण येतो आणि कॉलर तुटून अख्खा लायनर खाली घसरतो. ३ नंबर ठीक आहे, पण बाकीचे चार सुद्धा मोजून बघा, हेड उघडायचा खर्च परत नको.

केळीवाला_रावेर

मी इंजिनातला माणूस नाही, कोल्ड स्टोरेज आहे आमचं, पण जनरेटर तसाच. तुमचा जनरेटर जिनिंगच्या शेडजवळ आहे का? रेडिएटरची जाळी बघा एकदा बॅटरी लावून. रुईचे तंतू जाळीत अडकतात, बाहेरून स्वच्छ दिसते आणि आत गादी झालेली असते. इकडे उन्हाळ्यात ४५ च्या पुढे पारा, त्यात हवाच जात नाही म्हटल्यावर इंजिन तापणारच आणि तापलं की हेड वाकणारच.

भुसावळ_शेड

रावेरवाले बरोबर बोलले, मी हेच लिहिणार होतो. उलट्या दिशेने कमी दाबाची हवा मारा, आणि पाण्याचं पण बघा, बोअरवेलचं खारं पाणी घालत असाल तर आत क्षार बसतात, लायनरच्या बाहेरून एक थर बसला की तेवढ्या भागाची उष्णता निघत नाही. कुलंट घाला, प्रमाणात. नुसत्या साध्या पाण्याने दुसरा त्रास म्हणजे लायनर बाहेरून टाचणीने टोचल्यासारखा खड्डे खड्डे होतो, लायनर थरथरतो त्याने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि धातू खाल्ला जातो. तुमचा ४ नंबर काढलाच आहे तर बाहेरून बघून घ्या.

लाईट गेली की जनरेटर थंडच्या थंड फुल लोडवर घेता का? आणि लाईट आली की लगेच बंद? हे पण पॅकिंगला मारक. निदान बंद करताना तीन-चार मिनिटं लोडशिवाय फिरू द्या, टर्बोचं पण भलं.

मोठ्या इंजिनाचं विचाराल तर आमच्या जुन्या १६ सिलिंडर लोकोत (रेल्वेच्या डिझेल इंजिनात) बोअर ९ इंच म्हणजे २२८.६ मिमी, तिथे १२० बार धरलं तरी एका सिलिंडरला ५० टन. म्हणून तिथे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र हेड, स्वतःचे बोल्ट. या आकाराच्या इंजिनात आग अडवायला लायनरच्या तोंडावर धातूची वेगळी रिंग आणि पाणी अडवायला वेगळी रबराची सीलं असतात, एकाच पत्र्यावर सगळं ओझं टाकत नाहीत. एक फुटलं तर एकच हेड उतरवायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. जहाजाच्या इंजिनात तर बोल्ट पान्याने कसतच नाहीत, हायड्रॉलिक जॅकने बोल्ट ओढून लांब करतात आणि मग नट हाताने फिरवून बसवतात.

कापूसगाडी_चोपडा

जाळी काढली. फोटो टाकायची लाज वाटते इतकी रुई निघाली, शेडच्या मालकालाच (म्हणजे वडिलांना) दाखवली. आता जनरेटरला भिंत घालून हवा दुसरीकडून घेतोय.

बोल्टचं सांगा. मेकॅनिक म्हणतो लांब पाईप लावून हाताच्या अंदाजाने कसतो, कधी चुकलं नाही.

टॉर्कपाना

अंदाज पंचे नको. टॉर्क पाना असला तरी गोष्ट सोपी नाही, कारण तुम्ही लावलेल्या जोराचा साधारण १० टक्केच बोल्टला ताणायला जातो, बाकी सगळा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात. म्हणजे आट्या कोरड्या, गंजलेल्या असतील तर पान्यावर आकडा बरोबर दिसेल आणि ताण निम्मा असेल. आट्या ब्रशने साफ करा, ऑइल लावा, बोल्टच्या डोक्याखाली पण. ब्लॉकमधल्या भोकात पाणी नाहीतर ऑइल साचलं असेल तर हवा मारून काढा, नाहीतर बोल्ट त्या पाण्यावर टेकतो, टॉर्क पूर्ण आल्यासारखं वाटतं आणि कधी कधी ब्लॉकच तडकतो. मधून बाहेर असा क्रम, तीन टप्प्यांत. जुने बोल्ट नव्या बोल्टशेजारी उभे करून लांबी बघा, ताणून लांब झालेला असेल तर भंगारात.

परत कसायचं का नाही ते गॅसकिटवर आहे. फायबरचं गॅसकिट गरम झाल्यावर बसतं, थोडं पातळ होतं, त्याला गरम करून परत टॉर्क लागतो. स्टीलच्या थरांच्याला लागत नाही. मॅन्युअल सांगेल ते.

आणि जुनं पॅकिंग खरवडताना ग्राइंडरला ती प्लास्टिकच्या काट्यांची नाहीतर घासायची चकती लावू नका. त्यातली भुकटी सिलिंडरात, चेंबरमध्ये पडते आणि बेअरिंग खाते. इंजिन जुनं असेल तर पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस पण असू शकतं, ते कोरडं घासून धूळ उडवली की फुप्फुसात जातं. ओलं करून पट्टीने खरवडा, वेळ लागू द्या.

वस्ताद_पाचोरा

ऑइल लावायचं तर मग सगळीकडेच लावू ना, ओ-रिंगला पण, घसरून बसतात नीट.

पुणेकर_झालेला_अमळनेरकर

वस्ताद, तिथेच मेख आहे. लायनरच्या ओ-रिंग एकाच मटेरियलच्या नसतात. पाण्याच्या बाजूला बऱ्याचदा ईपीडीएम असतं, गरम पाण्याला आणि कुलंटला एकदम चांगलं पण ऑइल-डिझेल लागलं की फुगून मऊ होतं. ऑइलच्या बाजूला व्हायटॉन किंवा सिलिकॉनचं रबर. नायट्राइल ऑइलला उत्तम पण सतत १०० च्या वर तापलं की कडक होतं. म्हणून ईपीडीएमला साबणाचं पाणी लावून बसवतात, ऑइल नाही. आणि कोणती वरच्या खाचेत कोणती खालच्या हे मॅन्युअलच्या चित्रावरून, रंगावर नको, काळ्या रंगात सगळ्याच मिळतात.

खाचेबद्दल पण सांगतो, रबर दाबल्याने आकार बदलतं, घनफळ कमी होत नाही. न हलणाऱ्या जागी ओ-रिंग साधारण १५ ते ३० टक्के दाबतात आणि खाच पूर्ण भरू देत नाहीत, थोडी जागा मोकळी ठेवतात कारण रबर तापल्यावर स्टीलच्या कितीतरी पट फुगतं. फुगायला जागा नसेल तर ते लायनरलाच आत ढकलतं, पिस्टनला तिथेच पकड बसते. थोडी जाड रिंग टाकली म्हणजे अजून घट्ट बसेल, ही समजूत इथूनच महागात पडते. खाचेत क्षार साचले असतील तर तेही खरवडून काढा, त्याने पण जागा कमी होते.

कापूसगाडी_चोपडा

पायरी कापून झाली, शिम टाकून ४ नंबर सगळीकडे ०.११ वर आला. बाकीचे लायनर हद्दीत आहेत. बोल्ट दोन बदलले.

ओ-रिंगचा सेट दुकानातून आणला तर तिन्ही काळ्या, पाकिटावर काही लिहिलेलं नाही, दुकानाबाहेर उन्हात माळ लटकवलेली होती त्यातलाच. ओळखायचं कसं?

पुणेकर_झालेला_अमळनेरकर

उन्हात लटकवलेला सेट वापरू नका, नायट्राइलला ऊन आणि ओझोन दोन्ही चालत नाहीत, ताणून बघा, बारीक आडव्या चिरा दिसतील. ओळखायचं तर एकेक तुकडा कापून रात्रभर डिझेलमध्ये ठेवा. जो टम्म फुगला तो बहुतेक ईपीडीएम. व्हायटॉनचा तुकडा हातात त्याच आकाराच्या बाकीच्यांपेक्षा चांगलाच जड लागतो. खाली ठेवायची ती फुगलेली नसली पाहिजे, एवढं नक्की.

कापूसगाडी_चोपडा

तिन्ही फुगल्या 😐 मोठ्या झाल्या इतक्या की खाचेत मावणार पण नाहीत. पूर्ण सेट परत देऊन कंपनीच्या पाकिटातला मागवलाय, सोमवारी येईल म्हणतात. तोपर्यंत लायनर स्वच्छ पुसून वर पॉलिथिन टाकून ठेवलंय, रुई उडते ना इथे.

धुळे_टर्नर

पॉलिथिनवर ओलं फडकं पण टाका, रुई ते सोडत नाही. आणि सोमवारी रिंगा आल्या की त्यातला पण एक तुकडा डिझेलमध्ये टाकूनच बघा.